राळेतले औषध कसे शोधावे: निर्यासातील जैवसक्रिय घटक ओळखण्याची, काढण्याची आणि मोजण्याची पद्धत

सालईच्या राळेचा एक मोठा खडा घ्या आणि त्याचे तीन तुकडे करा. एक पाण्यात उकळा, दुसऱ्यातून वाफ सोडा, तिसरा अल्कोहोलमध्ये भिजत घाला. पहिल्यातून चिकट बहुशर्करा मिळतील, दुसऱ्यातून सुगंधी तेल आणि तिसऱ्यातून बोसवेलिक आम्ले. तिन्हींना ‘सालईचा अर्क’ म्हणता येते आणि त्यात खोटे काही नाही. सांध्यांच्या सुजेवर जे संशोधन झाले, ते मात्र मुख्यतः तिसऱ्या तुकड्यावर.

म्हणून ‘अमुक राळेत अमुक गुण आहे’ हे विधान अर्धेच असते. कोणता घटक, कोणत्या द्रावकाने काढला आणि किती, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. ते सोडवण्याचा क्रम खाली दिला आहे. औषधनिर्माण, वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो प्रयोगशाळेत जसाच्या तसा वापरता येईल. प्रयोगशाळा हाताशी नसेल त्याने मधल्या कृती नुसत्या वाचल्या तरी चालेल, मोजणीपासून पुढचा भाग मात्र सोडू नये.

पहिली पायरी: नमुन्याची जात ठरवा

खोडाला जखम झाली की झाड बुरशी, कीटक आणि सूक्ष्मजंतूंना रोखण्यासाठी स्राव सोडते. तो सुकला की आपल्याला खडा दिसतो. दिसायला सगळे खडे सारखेच पिवळे-तपकिरी, पण आत चार वेगळ्या गोष्टी असू शकतात.

शुद्ध डिंक म्हणजे बहुशर्करा. तो पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, अल्कोहोलमध्ये जात नाही. शुद्ध राळ याच्या उलट वागते. डिंक-राळेत दोन्ही असतात आणि बहुधा बाष्पशील तेलही असते. गुग्गुळ, हिराबोळ, सालई, हिंग आणि डिकेमाली या गटातली. चौथा गट बाल्समचा. त्यात बेन्झोइक किंवा सिनॅमिक आम्ल, किंवा त्यांची एस्टरे असतात. लोबान, टोलू बाल्सम आणि पेरू बाल्सम ही त्याची उदाहरणे.

गट ठरवायला दोन परीक्षानळ्या पुरतात. प्रत्येकीत अर्धा ग्रॅम चुरा घ्या. एकीत १० मिली पाणी, दुसरीत १० मिली ९० टक्के इथेनॉल घालून पाच मिनिटे हलवा. पाणी दुधाळ झाले आणि अल्कोहोलमध्ये रंग उतरून तळाशी पांढरट गाळ राहिला, तर ती डिंक-राळ. अल्कोहोलमध्ये जवळजवळ सगळे विरघळले आणि पाणी स्वच्छ राहिले, तर राळ किंवा बाल्सम. आता अल्कोहोलचे ते द्रावण गाळून थेंबथेंब पाण्यात सोडा. पाणी पांढरे गढूळ झाले की राळ आहे याची खात्री पटली.

एक अपवाद ध्यानात ठेवा. दक्षिण अमेरिकेतील क्रोटॉन लेचलेरी या झाडाचा लालभडक स्रावही ‘ड्रॅगनचे रक्त’ या नावाने राळांच्या पंक्तीत बसवला जातो. प्रत्यक्षात तो पातळ चीक आहे, आणि त्यातला मुख्य घटक, प्रोअँथोसायनिडिन, पाण्यात उतरतो. याच नावाने विकले जाणारे ड्रासीना आणि डिमोनोरॉप्सचे लाल खडे मात्र खऱ्या राळा आहेत. नावावर जाऊ नका, नळीत काय दिसते ते पाहा.

दुसरी पायरी: झाडाची जात ठरवा

इथे घाई केली तर पुढचे सगळे काम फुकट जाते. बोसवेलिया सेराटा (आपली सालई), बोसवेलिया सॅक्रा आणि बोसवेलिया पॅपिरीफेरा या तिघींच्या राळा डोळ्यांना सारख्याच दिसतात. त्यांच्या तेलांत मात्र फरक आहे: सेराटात बहुधा अल्फा-थुजीन जास्त, सॅक्रात अल्फा-पायनीन, आणि पॅपिरीफेरात ऑक्टाइल ॲसिटेट. म्हणजे राळेतील आम्लांवर काम करायचे असले तरी ओळख तेलावरून लवकर पटते.

काही जुन्या रंगचाचण्या अजूनही उपयोगी आहेत. हिराबोळाचा ईथरमधील अर्क बशीत सुकवून त्यावर ब्रोमीनची वाफ नेली की जांभळा रंग येतो. ब्रोमीन घातक आहे, त्यामुळे ही चाचणी फक्त फ्यूम हूडमध्ये करा. हिंग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून गाळा आणि जास्त अमोनिया घाला. मोकळ्या झालेल्या अंबेलिफेरोनमुळे द्रावणात निळी चमक दिसते, अतिनील दिव्याखाली तर फारच स्पष्ट. लोबानाचे दोन प्रकार पोटॅशियम परमँगनेटने वेगळे करता येतात. सुमात्रा लोबानात सिनॅमिक आम्लाचे घटक असल्याने गरम केल्यावर कडू बदामाचा वास येतो. सयाम लोबानात कोनिफेराइल बेन्झोएट मुख्य असते, म्हणून त्याला तो वास येत नाही.

भेसळीत सर्वांत नेहमीची पाहुणी म्हणजे पाइनची राळ, रोझिन. नमुन्याचा पेट्रोलियम ईथरमध्ये अर्क काढा आणि त्यात कॉपर ॲसिटेटचे विरल द्रावण घालून हलवा. ईथरचा थर हिरवा झाला तर रोझिन आहे असे समजा. ही चाचणी टाळू नका. कारण मोजणीच्या पायरीवर कळेल.

तिसरी पायरी: साफसफाई, चुरा, ओलावा

साल, वाळू, खडे हाताने वेचा. मऊ राळ दळताना यंत्राच्या उष्णतेने पाघळते आणि पात्यांना चिकटते. नमुना आणि खल दोन्ही काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, थोडे थोडे घेऊन कुटा, मग चाळा. फार बारीक पीठ करू नका. ते द्रावकात गोळा होऊन बसते आणि गाळणपत्र बुजवते.

ओलावा मोजताना एक फसगत ठरलेली. १०५ अंश सेल्सिअसला सुकवून वजनातली घट मोजली, तर पाण्याबरोबर तेलही उडते आणि सगळी घट पाण्याच्या नावावर जमा होते. बाष्पशील तेल असलेल्या राळेसाठी टोल्यूइनबरोबरच्या ऊर्ध्वपातनाने पाणी वेगळे मोजावे. वाळू किती आहे ते आम्लात न विरघळणाऱ्या राखेवरून कळते.

चौथी पायरी: आधी घटक, मग द्रावक

बहुतेक लोक हाताशी इथेनॉल आहे म्हणून इथेनॉल वापरतात आणि त्यात जे येईल त्याला अर्क म्हणतात. क्रम उलटा हवा.

सालईत हव्या असतात बोसवेलिक आम्ले. पाच कड्यांची ही ट्रायटर्पीन आम्ले आहेत, आणि त्यांतील ३-ॲसिटाइल-११-कीटो-बीटा-बोसवेलिक आम्ल, म्हणजे एकेबीए, सर्वांत जास्त अभ्यासले गेले. सूज वाढवणारी ल्युकोट्राइने तयार करणाऱ्या ५-लायपॉक्सिजिनेज या विकराला (एन्झाइमला) ते रोखते, असे १९९०च्या दशकात जर्मनीतील संशोधकांनी दाखवले. हा रेणू जड आहे, रेणुभार ५१२ च्या वर. तो वाफेबरोबर निघत नाही. त्यामुळे सालईच्या किंवा ऑलिबॅनमच्या (बोसवेलियाच्या राळेचे व्यापारी नाव) सुगंधी तेलाच्या बाटलीवर बोसवेलिक आम्लांचे गुण छापलेले दिसले, तर लिहिणाऱ्याला ऊर्ध्वपातन कळलेले नाही किंवा वाचणाऱ्याला कळणार नाही अशी त्याची खात्री आहे. तेलाचे स्वतःचे गुण असू शकतात, पण ते पायनीन-थुजीनसारख्या हलक्या टर्पीनांचे.

गुग्गुळाची गोष्ट वेगळी. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली मेदावर आणि कोलेस्टेरॉलवर गुग्गुळाचा परिणाम अभ्यासला. पुढे लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये इथाइल ॲसिटेटने अर्क काढून त्याचे आम्ल, अल्कली आणि उदासीन असे भाग पाडले गेले. परिणाम एकवटला होता उदासीन भागात, आणि त्यातच ई व झेड ही दोन गुग्गुलस्टेरोने होती. सालईत आम्ल भाग ठेवायचा आणि गुग्गुळात उदासीन. दोन्ही झाडे एकाच बर्सेरेसी कुळातली, तरी एकाची कृती दुसऱ्याला लावली तर नेमके औषध मोरीत जाते.

हिराबोळात लक्ष्य असते फ्युरॅनोसेस्क्विटर्पीनांचे. फ्युरॅनोयुडेस्मा-१,३-डाइन आणि कर्झरीन यांचा उंदरांवर वेदनाशामक परिणाम होतो आणि नॅलोक्झोन हे ओपिऑइडांचा (अफूसारख्या द्रव्यांचा) परिणाम रोखणारे औषध दिल्यावर तो थांबतो, असे १९९६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे परिणाम पेशींवरील ओपिऑइड ग्राहींमार्फत (रिसेप्टरांमार्फत) होत असावा. हे रेणू नाजूक आहेत. त्यांच्यासोबतचे फ्युरॅनोडाइन तापले की स्वतःच कर्झरीनमध्ये बदलते. गॅस क्रोमॅटोग्राफच्या तापलेल्या तोंडातसुद्धा हे घडते, त्यामुळे अहवालातले सगळे कर्झरीन झाडाने बनवलेले असेलच असे नाही. इथे हेक्झेनसारखा हलका द्रावक घ्या आणि काम थंडपणे करा.

हिंगात गंधकाची डायसल्फाइडे तेलात असतात, तर फेरुलिक आम्लाची एस्टरे आणि कुमारिने राळेत. पहिल्यासाठी ऊर्ध्वपातन, दुसऱ्यासाठी अल्कोहोल. डिकेमालीत गार्डेनिन गटातील मेथॉक्सीफ्लॅव्होने आहेत, तीही अल्कोहोलमध्ये येतात.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष अर्क

उदाहरण सालईचे घेऊ. हीच पद्धत थोड्या फरकाने इतर डिंक-राळांना लागू पडते.

१० ग्रॅम चुरा २५० मिलीच्या शंकूपात्रात घ्या. १०० मिली मेथनॉल किंवा इथेनॉल घाला, झाकण लावून खोलीच्या तापमानाला दोन तास चुंबकीय ढवळणीवर ठेवा. गाळा. उरलेल्या गाळावर ५० मिली ताजे द्रावक घालून पुन्हा ढवळा, आणि हे आणखी एकदा करा. एकाच वेळी २०० मिली ओतण्यापेक्षा तीन हप्त्यांत जास्त माल निघतो. शेवटच्या गाळणाचा एक थेंब काचेवर सुकवा. डाग उरला नाही तर थांबायला हरकत नाही.

तिन्ही गाळणे एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० ते ४५ अंशांना आटवा. राळ फार फेसाळते, म्हणून फ्लास्क निम्म्याच्या वर भरू नका आणि निर्वात हळूहळू वाढवा. उघड्या ज्योतीवर अल्कोहोल किंवा ईथर तापवण्याचा विचारही नको. घरच्या स्वयंपाकघरात तर ही पायरी करूच नये.

आता आम्ले वेगळी करा. आटवलेला अर्क इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळवून विभाजक नरसाळ्यात घ्या आणि ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थंड द्रावणाने दोनतीनदा धुवा. आम्ले क्षार बनून पाण्याच्या थरात जातात, उदासीन टर्पीने वर राहतात. हलवताना जोर केला तर पायस (इमल्शन, दोन थरांचे दुधाळ मिश्रण) बनते आणि थर तासन् तास फुटत नाहीत. नरसाळे हलक्या हाताने उलटसुलट करा, अडलेच तर थोडे मिठाचे संपृक्त द्रावण घाला. अल्कली गरम किंवा तीव्र असेल तर एकेबीएवरचा ॲसिटाइल गट तुटतो आणि त्याचे साधे कीटो-बोसवेलिक आम्ल होते. नंतर एकेबीए कमी भरले म्हणून लोक झाडाला दोष देतात. पाण्याचा थर वेगळा काढून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ३ च्या आसपास आणा. पांढरट साका बसेल. तो गाळून, पाणी उदासीन येईपर्यंत धुवून, कमी तापमानाला सुकवा.

प्रत्येक टप्प्यावर वजन लिहा: चुरा, कोरडा अर्क, उरलेला गाळ, आम्ल भाग. बेरीज जुळत नसेल तर घट बहुधा तेलाची किंवा न उडालेल्या द्रावकाची असते.

सहावी पायरी: टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) ओळख

सिलिका प्लेटवर नमुना आणि प्रमाणित द्रव्य शेजारी शेजारी लावा. तेलांसाठी टोल्यूइन आणि इथाइल ॲसिटेट ९३:७ हे मिश्रण चांगले चालते. जास्त ध्रुवीय आम्लांसाठी इथाइल ॲसिटेटचे प्रमाण वाढवा आणि ठिपक्यांना शेपूट सुटत असेल तर फॉर्मिक आम्लाचे दोनचार थेंब घाला. आधी २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पाहा. सालईच्या नमुन्यात कीटो-आम्ले इथे गडद दिसतात, साधी बोसवेलिक आम्ले दिसत नाहीत, कारण त्यांच्यात त्या तरंगलांबीचा प्रकाश शोषणारी रचनाच नाही. मग ॲनिसॲल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल फवारून १०५ अंशांवर काही मिनिटे तापवा. टर्पीने जांभळी-निळी उमटतात.

टीएलसी ओळख देते, प्रमाण सांगत नाही. ठिपका गडद आहे म्हणून माल भारी, असे कोणी म्हणाले तर मान डोलावू नका.

सातवी पायरी: मोजणी, आणि आकड्यांचा खेळ

‘६५ टक्के बोसवेलिक आम्ले’ हा आकडा दोन प्रकारे येऊ शकतो. एक म्हणजे अल्कलीने टायट्रेशन, म्हणजे आम्ल संपेपर्यंत मोजून अल्कली घालणे. त्यात नमुन्यातील सगळी आम्ले मोजली जातात आणि सगळी बोसवेलिक आहेत असे धरून टक्केवारी काढली जाते. दुसरा मार्ग एचपीएलसीचा, म्हणजे उच्च दाबाच्या द्रव क्रोमॅटोग्राफीचा. त्यात प्रत्येक आम्ल वेगळे मोजले जाते: कीटो-आम्ले २५० नॅनोमीटरला, बाकीची २१० ला. त्याच नमुन्याचा एचपीएलसीचा आकडा टायट्रेशनच्या आकड्यापेक्षा बराच कमी येऊ शकतो.

रोझिनची चाचणी टाळू नका म्हटले ते इथे कामी येते. रोझिनमधील ॲबिएटिक आम्लाचा रेणुभार सुमारे ३०२, बीटा-बोसवेलिक आम्लाचा सुमारे ४५६. दोन्हींत एकेकच आम्लगट. म्हणजे एक ग्रॅम ॲबिएटिक आम्ल तेवढ्याच बोसवेलिक आम्लाच्या जवळपास दीडपट अल्कली खाते. भेसळ केल्यावर टायट्रेशनचा आकडा घसरण्याऐवजी चढतो! एवढे सोपे गणित असताना फक्त टायट्रेशनवर माल स्वीकारणे मला बेफिकिरीचे वाटते.

‘१०:१ अर्क’ हे गुणोत्तरही फारसे बोलके नाही. दहा किलोतून एक किलो उरले एवढेच ते सांगते. त्या एका किलोत काय आहे ते सांगत नाही. लेबल वाचताना घटकाचे मिलिग्रॅम काढा. समजा, एका कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम अर्क आणि त्यात २ टक्के एकेबीए आहे: ८ मिलिग्रॅम. दुसरीत १०० मिलिग्रॅम अर्क, पण ३० टक्के एकेबीए: ३० मिलिग्रॅम. मोठा आकडा पहिल्या डबीवर, जास्त एकेबीए दुसऱ्या डबीत. शिवाय बोसवेलिक आम्ले स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास रक्तात लक्षणीय जास्त पोचतात. त्यामुळे उपाशीपोटी झालेल्या चाचणीची भरल्यापोटीच्या चाचणीशी सरळ तुलना होत नाही.

आठवी पायरी: पुरावा वाचणे

नळीत, उंदरात आणि माणसात दिसलेला परिणाम वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. मास्टिक, म्हणजे ग्रीसच्या किऑस बेटावरची पिस्तॅशियाची राळ, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू मारते असे १९९८ साली प्रयोगशाळेतील चाचण्यांवरून प्रसिद्ध झाले. पुढे संसर्ग झालेल्या माणसांवरच्या एका छोट्या चाचणीत तो जिवाणू नाहीसा झाला नाही. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर आहेत.

गुग्गुळाचे तर आणखी गुंतागुंतीचे. २००२ साली गुग्गुलस्टेरोन हे पित्ताम्लांच्या एफएक्सआर या ग्राहीला अडवते असे दिसले आणि कोलेस्टेरॉल उतरण्याचे कारण सापडल्यासारखे वाटले. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली. त्यात २.५ टक्के गुग्गुलस्टेरोन असलेला अर्क १००० किंवा २००० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिवसातून तीनदा दिला गेला. लहान मात्रेतही हे रोजचे ७५ मिलिग्रॅम गुग्गुलस्टेरोन झाले. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. भारतातील आधीच्या अभ्यासांत उलट निष्कर्ष होते. आहार, लोकसमूह, मात्रा, यांपैकी फरक कशाने पडला हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. मी तरी कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळाची बाजू आज ठामपणे घेणार नाही.

याउलट क्रोटॉनच्या लाल चिकातून काढलेले क्रोफेलेमर. आतड्यातील क्लोराइडच्या दोन मार्गिका ते रोखते, आणि एचआयव्हीच्या औषधोपचारावर असलेल्यांच्या जुलाबांसाठी अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१२ मध्ये त्याला मान्यता दिली. ते एकच रेणू नसून प्रोअँथोसायनिडिनांचे मिश्रण आहे. तरीही लागवडीपासून प्रत्येक खेपेपर्यंत गुणवत्ता बांधून घेतल्यामुळे ते औषध ठरू शकले.

नववी पायरी: धोके

गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या औषधांचे रक्तातील प्रमाण कमी झाल्याचे आढळले आहे. हृदयविकाराची किंवा थायरॉइडची औषधे चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुग्गुळाचा अर्क घेऊ नये. गरोदरपणात गुग्गुळ आणि हिराबोळ दोन्ही टाळावेत. हिंग तान्ह्या बाळाला पोटात देऊ नये. त्याने रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्यास असमर्थ होण्याचा प्रकार घडलेला आहे. रोझिन आणि पेरू बाल्सम त्वचेच्या ॲलर्जीची इतकी नेहमीची कारणे आहेत की पॅच-टेस्टच्या ठरावीक संचात दोन्ही असतात, तेव्हा हातमोजे घाला.

पोडोफायलमच्या मुळांची राळ तर वेगळ्याच कपाटात, कुलपात ठेवावी. तिच्यातील पोडोफायलोटॉक्सिनवरून इटोपोसाइड हे कर्करोगावरचे औषध तयार झाले. पेशींची विभागणी थांबवण्याची हीच ताकद कच्च्या राळेला विषारी बनवते. ती त्वचेतूनही शोषली जाते, आणि गरोदर व्यक्तीने तिला हात लावू नये.

साठवण आणि नोंद

कोरडा अर्क तपकिरी काचेत, घट्ट झाकणाने, थंड जागी ठेवा. तेले शक्यतो बाटलीच्या तोंडापर्यंत भरा, कारण वरच्या हवेने टर्पीनांचे ऑक्सिडीकरण होते. लेबलावर झाडाचे शास्त्रीय नाव, गोळा केल्याचा महिना, द्रावक, अर्काचे उत्पन्न, मोजणीची पद्धत आणि घटकाची टक्केवारी लिहा. गुग्गुळ असेल तर तो लागवडीतला की रानातला हेही लिहा. गुग्गुळ देणारे कॉमिफोरा वाइटी हे झुडूप आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे, आणि जास्त स्राव मिळावा म्हणून खोल चिरा दिल्या की ते बऱ्याचदा मरते. पुरवठादाराला ‘लागवडीतला’ याचा पुरावा देता येत नसेल तर तो नमुना घेऊ नका.